फुकटच्या पिशवीचे मोल

इंदापूर तालुक्यातील कळंब परिसराच्या माळरानावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर ही वसाहत आकाराला आली. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या अशा गावांत घरखर्चालाही एक लय असे. पगार झाला की वाणसामानाची यादी दुकानदाराकडे जाई, महिन्याचा किराणा एकदम घरी येई आणि भाजीपाल्यासाठी आठवड्याचा बाजार ठरलेला असे. या साऱ्या व्यवहारात पिशवी घरची असे. कधी तरटाची, कधी मांजरपाटाची, कधी जुन्या पातळाची शिवलेली, तर कधी रंगीत वायरची विणलेली. तेलासाठी किटली किंवा डबा, आणि डाळ, साखर, शेंगदाणे रद्दीच्या कागदाच्या पुड्यांत, वरून दोऱ्याचे दोन-तीन वेढे. दुकानदाराने माल द्यायचा; तो कशातून न्यायचा, हा प्रश्न गिऱ्हाइकाचा होता.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत या प्रश्नाची मालकी बदलली. पातळ प्लॅस्टिकची, बनियनच्या आकाराची पिशवी आली, ती स्वस्त होती आणि मुख्य म्हणजे ती मागावी लागत नव्हती. माल मोजून होण्याआधीच दुकानदाराचा हात पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे जाऊ लागला. माल नेण्याची सोय करणे हे आता दुकानदाराचे काम झाले. प्लॅस्टिकच्या पिशवीवर कर, शुल्क, किंमत किंवा बंदी अशा ज्या उपायांची जगभर चर्चा होते, ते सारे अखेर एवढेच करू पाहतात: हा प्रश्न पुन्हा गिऱ्हाइकाच्या हाती सोपवायचा. त्यातला कोणता उपाय हे काम साधतो आणि कोणता नुसताच भुर्दंड ठरतो, हे बारामती-इंदापूरच्या बाजारातल्या भाजीवाल्यापासून आयर्लंडमधल्या सुपरमार्केटपर्यंत सर्वत्र पाहता येते.

फुकटच्या पिशवीने खरेदीची सवय किती खोलवर बदलली, याचा सहसा कोणी विचार करीत नाही. घरची एकच पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या माणसाला खरेदीचा क्रम पाळावा लागत असे. आधी बटाटे-कांदे, मग वांगी, गवार, दोडका. टोमॅटो त्यानंतर आणि कोथिंबीर, मेथी सर्वांत शेवटी. क्रम चुकला की घरी पोहोचेपर्यंत टोमॅटोचा चेंदामेंदा ठरलेला. म्हणजे बाजाराचा एक फेरा आधी नुसता भाव पाहण्यासाठी आणि दुसरा खरेदीसाठी होत असे. पिशवी किती मोठी आणि हात किती भक्कम, यावर किती घ्यायचे याची मर्यादाही आपोआप पडे. प्रत्येक भाजीला स्वतंत्र कॅरीबॅग मिळू लागली आणि हा क्रम, हा फेरा, ही मर्यादा तिन्ही गळून पडली. कामावरून परतताना, मोटारसायकल न थांबवता म्हणावी इतक्या घाईत, अर्धा किलो टोमॅटो हँडलला अडकवून नेणे शक्य झाले. ठरवून केलेल्या खरेदीची जागा वाटेत सुचलेल्या खरेदीने घेतली. विक्रेत्यांनाही हे हवेच होते. रिकाम्या हाताने जाणारा माणूसही आता गिऱ्हाईक झाला होता.

म्हणून या पिशवीचा दोष ती प्लॅस्टिकची असण्यात शोधणे पुरेसे नाही. वायरची विणलेली पिशवीही प्लॅस्टिकचीच असते. ती दहा-दहा वर्षे टिकते, तिचा कान तुटला तर ती पुन्हा बांधली जाते आणि ती उकिरड्यावर क्वचितच दिसते. तिच्यासाठी पैसे मोजलेले असतात. कालव्याच्या चारीत अडकणारी, गाईगुरांच्या पोटात जाणारी, उसाच्या सरीत नांगराच्या फाळाला गुंडाळली जाणारी पिशवी ही नेमकी ती असते, जिच्यासाठी कोणी काहीच मोजलेले नसते.

पिशवीला किंमत लावण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग आयर्लंडचा. तेथे ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर बसला. त्यापूर्वी तेथे माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात, असा अंदाज होता. करानंतर हा आकडा २१ पर्यंत खाली आला. या कराच्या रचनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली म्हणजे कर दुकानदाराने स्वतः सोसायचा नव्हता. तो गिऱ्हाइकाकडूनच घेणे आणि पावतीवर स्वतंत्र दाखवणे बंधनकारक होते. दुसरी म्हणजे सुटी फळे, भाजी, मासे, मांस यांच्यासाठीच्या लहान पिशव्यांना करातून सूट होती. ओला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, असे सरकारने कोणालाही सांगितले नाही. काही वर्षांनी लोकांना १५ सेंट सवयीचे झाले आणि वापर थोडा वर सरकू लागला, तेव्हा जुलै २००७ मध्ये कर २२ सेंटवर नेण्यात आला.

पंधरा सेंट ही काही कोणाला परवडू नये अशी रक्कम नव्हती. भरलेल्या टोपलीच्या बिलात ती दिसलीही नसती. तरी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक का घटला? याचे उत्तर रकमेत नाही, विचारण्यात आहे. किंमत लागल्यावर गल्ल्यावरच्या माणसाला ‘पिशवी हवी का?’ असे विचारावेच लागते, आणि विचारल्यावर गिऱ्हाइकाला उत्तर द्यावे लागते. जे आजवर न सांगता घडत होते, ते आता ठरवून करावे लागते. अर्थशास्त्रज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी वॉशिंग्टन परिसरातील दुकानांचा केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दृष्टीने मननीय आहे. काही दुकाने घरची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट सवलत देत असत. वॉशिंग्टनमध्ये २०१० पासून आणि नंतर शेजारच्या काउंटीत दुकानाची पिशवी घेणाऱ्याकडून पाच सेंट कर घेतला जाऊ लागला. रक्कम तीच. सवलतीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. कराने मात्र एकदा वापरायच्या पिशव्या घेणाऱ्यांचे प्रमाण चाळीसहून अधिक टक्केबिंदूंनी खाली आणले. पाच सेंट मिळाले नाहीत तर चुटपुट लागत नाही, खिशातून गेले तर लागते. आपल्याकडच्या गृहिणींना हे सांगायला अमेरिकेतला अभ्यास लागला नसता, पण धोरणे आखणाऱ्यांना तो लागतो.

भारताने मात्र पिशवीला सरळ किंमत लावण्याऐवजी तिची जाडी ठरवण्याचा मार्ग धरला. १९९९ च्या केंद्रीय नियमांत किमान जाडी २० मायक्रॉन होती. महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या प्रलयाने या विषयाला तातडी आली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांच्या दोषारोपात प्लॅस्टिकच्या पिशव्या अग्रभागी आल्या. त्यानंतर २००६ च्या राज्य नियमांनी पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन आणि किमान आकार ८ बाय १२ इंच असा ठरवून दिला. केंद्राने २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, आणि २०२१ च्या दुरुस्तीने आधी ७५ व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी ही पायरी चढवत नेली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना जेमतेम कळतो. मग सरकार त्यात का गुंतले? कारण जाडी हा एक आडवळणाचा करच आहे. हिशेब सोपा आहे. ८ बाय १२ इंचांच्या पिशवीच्या दोन्ही बाजू धरून, २० मायक्रॉनला तिचे वजन साधारण सव्वादोन ग्रॅम भरते. तीच पिशवी ५० मायक्रॉनची केली तर साडेपाच ग्रॅम, आणि १२० मायक्रॉनची केली तर तेरा ग्रॅमच्या पुढे. प्लॅस्टिक किलोवर विकले जाते. म्हणजे एका किलोत पातळ पिशव्या साडेचारशेच्या आसपास बसतात, ५० मायक्रॉनच्या पावणेदोनशेच्या आसपास आणि १२० मायक्रॉनच्या जेमतेम पंचाहत्तर. दुकानदाराला जाड पिशवी इतकी महाग पडावी की त्याने ती फुकट देऊच नये, हा त्यामागचा विचार. शिवाय जाड पिशवीला भंगारात मोल येते. कचरावेचक स्त्रियांनी सव्वादोन ग्रॅमची चिखलाने माखलेली पिशवी उचलावी, ही अपेक्षाच व्यर्थ. एक किलो भरायला त्यांना साडेचारशे वेळा वाकावे लागेल.

विचार चुकीचा नव्हता, पण त्याची अंमलबजावणी भाजी मंडईतल्या हातगाडीपाशी अडते. पिशवी २० मायक्रॉनची की ५० ची, हे विक्रेता कशाने मोजणार? त्याला मिळते ती गठ्ठ्यातली, घाऊक व्यापाऱ्याने सांगितलेल्या जाडीची पिशवी. नियम कारखान्यात मोडला जातो आणि पकडला जातो तो हातगाडीवर.

उघड किंमत लावण्याचे प्रयत्नही झाले. २०११ च्या केंद्रीय नियमांत दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते आणि किमान किंमत ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला होता. बहुतेकांनी तो वापरला नाही. मॉलमध्ये पिशवीला पैसे पडू लागले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पिशवी फुकटच राहिली. ज्या दुकानाने पिशवीचे दोन रुपये मागितले, त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार हे उघड होते. किंमत सर्वांना एकदम लागू झाली नाही, तर ती प्रामाणिक माणसाला शिक्षा होते.

मग आले २०१६ चे नियम. त्यांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींपर्यंत नेली. बारामती आणि इंदापूर येथे नगरपरिषदा आहेत. वालचंदनगरसारख्या वसाहतींच्या आणि भोवतालच्या गावांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती, कारण कॅरीबॅग तालुक्याच्या वेशीपाशी थांबत नाही. त्याच नियमांत एक विलक्षण कलम होते. प्लॅस्टिक पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आणि फेरीवाल्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान चार हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार रुपये शुल्क भरावे. पिशवीवरील कराच्या सर्वांत जवळ भारत पोहोचला तो इथे. आणि हा कर नेमका उलट्या बाजूने लावलेला होता. दिवसाला शंभर पिशव्या देणाऱ्या दुकानाला तो पिशवीमागे सव्वा रुपयाहून थोडा अधिक पडतो, हजार पिशव्या देणाऱ्या मोठ्या दुकानाला तेरा पैसे, आणि दिवसाला वीस पिशव्या देणाऱ्या भाजीवालीला पिशवीमागे साडेसहा रुपयांहून जास्त. गिऱ्हाइकाला तर तो दिसतच नाही. एकदा चार हजार भरले की जितक्या अधिक पिशव्या वाटाव्या तितके ते शुल्क स्वस्त पडते. असे शुल्क फारसे कोणी भरले नाही यात नवल नाही, आणि २७ मार्च २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राने ते कलमच काढून टाकले.

त्याच्या चारच दिवस आधी, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने किमतीचा सारा विचार बाजूला ठेवून सरळ बंदी जाहीर केली होती. जाडी कितीही असो, हँडल असलेली किंवा नसलेली प्लॅस्टिकची कॅरीबॅग बनवणे, विकणे, साठवणे, वापरणे बंद. दिसायला कापडासारख्या पण प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनच्या असलेल्या नॉन-वोव्हन पिशव्याही त्यात आल्या. मुदतवाढीनंतर २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

सुरुवातीच्या आठवड्यांत या धाकाने जे साधले, ते कोणत्याही जाहिरातीने साधले नव्हते. कपाटांतून कापडी पिशव्या बाहेर आल्या, मटणाच्या दुकानाकडे स्टीलचे डबे निघाले. प्रश्न पुन्हा गिऱ्हाइकाच्या हाती आला होता. परंतु किराणा दुकानांची अडचण लगेच उघडी पडली. पिशवी म्हणजे केवळ माल नेण्याचे साधन नव्हे. सुटी साखर, रवा, पोहे, डाळी दुकानदार ज्यात भरून ठेवतो, तेही प्लॅस्टिकच होते. ते गेले तर पर्याय कोणता? कागदाचा पुडा बांधायला कसब आणि वेळ लागतो, आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच दिलेली होती. दुसरीकडे मोठ्या कंपन्यांच्या बंद पाकिटांना मुभा होती. म्हणजे दुकानदाराने अर्धा किलो सुटा रवा साध्या पिशवीत दिला तर गुन्हा, आणि कारखान्यातून चकचकीत पाकिटात आलेला तोच रवा विकला तर काही नाही. कंपन्यांची कित्येक पाकिटे अनेक थरांची असतात आणि त्यांचा पुनर्वापर साध्या पिशवीपेक्षा कठीण असतो. व्यापाऱ्यांच्या दबावानंतर जून २०१८ च्या अखेरीस ५० मायक्रॉनहून जाड वेष्टनाला किराणा दुकानांसाठी सशर्त सूट मिळाली. ही सूट अपरिहार्य होती, पण तिने बंदीला पहिली फटही पाडली.

सुटी भाजी विकणाऱ्यांना मात्र अशी सूट मिळाली नाही. कायद्याच्या शब्दांनुसार पिशवी वापरणारा कोणीही दंडास पात्र. प्रत्यक्षात पथकाच्या हाती लागतो तो जागेवर बसलेला विक्रेता. त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात. ‘पिशवी नाही’ म्हटले की रिकाम्या हाताने आलेले गिऱ्हाईक पुढच्या पथारीवर जाते. दिली तर कधीतरी पाच हजारांची पावती फाटते. आठवडे बाजारात जमिनीवर पोते पसरून बसलेल्या बाईच्या कित्येक बाजारांची कमाई त्या एका पावतीत जाते. त्यामुळे पिशव्या गेल्या नाहीत, त्या पोत्याखाली गेल्या. गिऱ्हाईक ‘पिशवी द्या’ म्हणते, ती इकडेतिकडे पाहते आणि पोत्याखालून एक ओढून काढते. सवय गिऱ्हाइकाची असते आणि जोखीम तिची.

किमतीचा मार्गही निर्धोक नाही, हे मान्य केले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये पिशवीला ४६ सेंट किंमत लावली. वापर एकदम कोसळला. पुढे उद्योगांच्या दबावाने किंमत खाली आणली गेली आणि वापर पुन्हा सावरला. थोडक्या पैशांची लोकांना सवय होते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून पाच पेन्स लागू झाल्यावर मोठ्या दुकानांतील पातळ पिशव्या जवळजवळ नाहीशा झाल्या, पण ‘आयुष्यभर टिकणारी’ म्हणून विकली जाणारी जाड पिशवी लोक दर खेपेला नवी घेऊ लागले. कॅलिफोर्नियातील पिशवीबंदीचा अर्थतज्ज्ञ रिबेका टेलर यांनी २०१९ मध्ये मांडलेला हिशेबही विचार करायला लावतो. बंदीमुळे दुकानांच्या पिशव्यांतले सुमारे चार कोटी पौंड प्लॅस्टिक वाचले. पण घरात कचऱ्यासाठी वापरायला त्या पिशव्या मिळेनाशा झाल्याने लोकांनी विकतच्या कचरा-पिशव्या घेतल्या आणि त्यांतून सुमारे एक कोटी वीस लाख पौंड प्लॅस्टिक परत आले. किराण्याची पिशवी रात्री ओल्या कचऱ्याची पिशवी होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात दिसते. बंदीनंतर काळ्या पिशव्यांचे रोल वाणसामानाच्या यादीत आले, ते याच कारणाने.

कापडी पिशवीचेही तसेच आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार नव्या सुती पिशवीने हवामानाच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीची बरोबरी साधायची तर ती १३१ वेळा वापरली जायला हवी. समारंभात वाटलेल्या, छापील नावांच्या कापडी पिशव्यांचे ढीग घराघरांत पडून असतात, त्यांना हा आकडा लागू आहे. जुन्या साडीच्या पिशवीला नाही. तिचा कापूस आधीच आपले आयुष्य जगलेला असतो.

ग्राहकाच्या हक्काचा मुद्दाही मध्ये येतो. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये एका पादत्राणांच्या दुकानाला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल नऊ हजार रुपये भरायला लावले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही डिसेंबर २०२० मध्ये, खरेदी सुरू होण्यापूर्वी सूचना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित प्रथा ठरवली. आयोगाचा मुद्दा रास्त होता. दुकानाच्या जाहिरातीची पिशवी गिऱ्हाइकाने विकत का घ्यावी? पण या निकालांच्या बातम्यांतून ‘पिशवी फुकट मिळणे हा हक्कच आहे’ असा समज पसरला. निकाल म्हणतात ते एवढेच, की किंमत आधी, दारातच सांगा.

तमिळनाडूने डिसेंबर २०२१ पासून पिवळ्या कापडी पिशवीची जुनी ओळख जागवण्याची मोहीम हाती घेतली आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपयांत कापडी पिशवी देणारे यंत्र बसवले. पिशवी विसरलेल्या माणसाला तेथे एक तिसरी वाट आहे: दहा रुपये मोजा आणि रीतसर पिशवी घ्या. दहा रुपये विसरभोळेपणाची किंमत म्हणून जाणवतात आणि कोणाचा बाजारही बुडवत नाहीत. महाराष्ट्राने २०२२ च्या नोव्हेंबरअखेर बंदीत काही सवलती दिल्या, ६० जीएसएमहून जाड नॉन-वोव्हन पिशव्यांना परवानगी मिळाली. महिला बचत गटांच्या कापडी पिशव्यांना उत्तेजन देण्याच्या घोषणाही वेळोवेळी झाल्या. परंतु दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत घेऊन ती परत घेण्याची २०१८ च्या अधिसूचनेतली तरतूद, जी खऱ्या अर्थाने किमतीचा उपाय होती, ती दूधवाल्याच्या गल्ल्यापर्यंत नीट पोहोचलीच नाही. रिकाम्या हाताने बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत २०१८ च्या बंदीकडे शून्य रुपये आणि पाच हजार रुपये यांच्यामधली एकही पायरी नव्हती. आणि ते पाच हजारही सहसा त्याच्या खिशातून गेले नाहीत.